गोदाच्या बुटाचे चौदा खिळे

पाणी आठवड्यातून एकदाच यायचं, त्यामुळं त्या सकाळी सगीराबींच्या घरात बादल्या, कळश्या, पातेली, एवढंच काय, कुकरसुद्धा नळापाशी रांगेत मांडलेला होता. एकीकडं चहा उकळत होता, दुसऱ्या हातात पाइप होता, आणि नवरा, कमरोद्दीनमियां, खाटेवर बसून जुने मोजे उलटसुलट करत होता. "अजी, वो हंडा तो सरकाओ," असं त्या म्हणतात न म्हणतात तोच दार वाजलं.

दारात फुलंब्रीचा बन्सी उभा. शेतकरी माणूस, गारठ्यात मोटारसायकलवरून आलेला, कानाला मफलर. मागं त्याची एकवीस वर्षांची गोदावरी, छातीशी पिशवी धरून. गोदा चारशे मीटर पळते हे सगीराबींना ठाऊक होतं. सहा वर्षं तिचे बूट त्यांच्याच घरधन्याच्या हातून दुरुस्त होत आले होते.

"चाचा, दुकान उघडायची वाट बघता येईना," बन्सी म्हणाला. "चार वाजता हिचं विमान हाय."

कमरोद्दीनमियांचं दुकान औरंगपुऱ्यातल्या एका बोळाच्या तोंडाशी. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या वडिलांनी मांडलेलं. चपला, बूट, बॅगांच्या चेनी, जे येईल ते. पस्तीस वर्षांमागं कॉलेजातला एक धावपटू तळाला खिळे असलेला बूट घेऊन आला. तो नीट झाला, आणि तेव्हापासून शहरातले पळणारे सगळे त्या बोळात येऊ लागले. मियांनी शर्यत मात्र एकही पाहिलेली नव्हती. ऐन शर्यतीच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक असायचं. पण बूट उलटा केला की ते सांगायचे, हा टाच टेकवतो, हिचा डावा गुडघा दुखतोय, हा वळणावर घाबरतो. सुरुवातीला सगीराबींना ती बढाई वाटायची. मग एकदा एका मुलीनं खरंच डाव्या गुडघ्याचं डॉक्टरचं पत्र आणून दाखवलं, आणि त्यांनी हसणं सोडून दिलं.

गोदानं बूट पिशवीतून काढले. "चाचा, तिकडं छपराखाली पळायचंय. पाच आठवडे, तीन देश, चार शर्यती. तिथं सहा मिलिमीटरच्या वरचे खिळे चालत नाहीत. माझे नऊचे आहेत. काल रात्री बदलायला गेले तर एकही फिरेना."

मियांनी तळ उजेडात धरला. प्रत्येक खिळ्याच्या मुळाशी राखाडी कडं.

"ये क्या लगाया?"

गोदानं बापाकडं पाहिलं. बन्सीनं मफलर सोडला, परत बांधला. "मागल्या साली मैदानावर हिचा एक खिळा गळून पडला अन् शर्यत गेली. मग मीच चिकटवायचा मसाला लावला, ट्रॅक्टरच्या टाकीला लावतो तो. चार वर्षं झाली, टाकी थेंबभर गळली नाय."

"तोच तर अपना रोना है, भाऊ," मियां म्हणाले. "टाकी पण नाय गळली, खिळा पण नाय निघत."

नवे बूट घेता आले असते. पण नव्या बुटाला पाय ओळखीचा व्हायला महिना लागतो, आणि पहिली शर्यत सहाव्या दिवशी होती. हे खिळे निघाले नाहीत तर गोदा तिथं जाऊन बाकड्यावर बसणार. सगीराबींनी नळ बंद केला. अर्धी भांडी रिकामीच राहिली.

मियांनी थैलीतून दोन जुने स्क्रू ड्रायव्हर काढले. "गरम कर. लाल नको. खिळा तापून मसाला सुटला पाहिजे, तळ वितळला नाय पाहिजे." सगीराबी शेगडीपाशी उभ्या राहिल्या. एक तापत ठेवायचा, दुसरा फडक्यात धरून द्यायचा. मियां तापलेलं टोक खिळ्यावर टेकवत, मनाशी अकरापर्यंत मोजत, उचलत, पान्यानं हळूच पीळ देत. पहिला खिळा करकरला आणि फिरला.

सात निघाले तेव्हा चहाला थांबले. गोदानं फोन पुढं केला. "चाची, हे बघा, असं असतं तिथं."

सगीराबींनी चष्मा लावला. बाहेर बर्फ पडलेला, आत माणसं अर्ध्या बाहीत बसलेली. एका छपराखाली एवढं मोठं मैदान मावतं हेच त्यांच्या मनाला पटेना. दोन्ही टोकांना वाट उचललेली होती, परातीच्या काठासारखी. मुली त्या काठावर चढल्या, तिरक्या झाल्या, आणि परात कलती केल्यावर जोंधळ्याचे दाणे घरंगळावेत तशा खाली उतरून सुसाट गेल्या. एकही पडली नाही. सगीराबींनी तेवढाच तुकडा चार वेळा पाहिला.

"हे खाली काय? माती?"

"लाकूड, चाची. वरून रबर. मी पण अजून पाय ठेवला नाही त्यावर."

मियां बघतच राहिले. हातातला चहा सांडतोय हे त्यांना कळलं नाही, आणि सगीराबींनीही सांगितलं नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी या माणसाला असा तोंड उघडं टाकून बसलेला पाहिला नव्हता.

पुढचे सहा सरळ निघाले. चौदावा, उजव्या अंगठ्याखालचा, इतका झिजलेला की पाना घसरू लागला. मियांनी करवतीच्या पात्यानं खिळ्याच्या डोक्यावर एक बारीक खाच पाडली. टोक टेकवलं. अकरा झाले, बारा झाले, तेरा. प्लॅस्टिकचा वास सुटला तशी गोदानं डोळे मिटले. सगीराबींनी मात्र मिटले नाहीत. त्या नवऱ्याच्या मनगटाकडं बघत होत्या, आणि ते मनगट हलत नव्हतं. मग मियांनी खाचेत दुसरा, गार स्क्रू ड्रायव्हर घातला आणि दार लोटावं इतक्या हळू फिरवला. खिळा वर आला. भोकाच्या कडेला भाजल्याचा डाग राहिला, पण आटे शाबूत होते.

गोदानं आणलेले सहा मिलिमीटरचे चौदा खिळे बसले. बन्सीनं एकेक खिळा बोटानं चाचपून पाहिला. "चाचा, तुमाला तिकडून काय आणू सांगा. लाजू नका."

मियांनी बूट गोदाच्या हातात दिले, पण सोडले नाहीत.

"आणू नको काही. तुझी शर्यत मला कळणार नाय, बेटा. पहिली शर्यत पळून झाली की बूट पुसू नको. उलटे कर, अन् तळाचा एक फोटो मला पाठव."