अरुंद तोंडाचं भांडं

कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आत्याबाईंचा एक कायदा होता. ज्या भांड्यात कोपरापर्यंत हात जात नाही, ते भांडं आपल्या ओट्यावर नको. अरुंद तोंडाच्या भांड्याच्या बुडाशी काय बसलंय ते देवालाच ठाऊक, असं त्या म्हणत. तेवीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं नाही. बिघडलं ते शेवटी त्यांचंच.

जळजळ हटेना म्हणून तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तर जठराच्या खालच्या टोकाला कॅन्सर. अगदी सुरुवातीचा, बोराच्या बीएवढा. जठराचा तो भाग काढायचा हे नक्की झालं. कसा काढायचा, एवढं आत्याबाईंनी सांगायचं होतं.

सर्जनबाई वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने कागदावर पोट काढलं आणि छातीच्या खालून बेंबीपर्यंत रेघ ओढली. "एक रीत ही. सरळ उघडायचं. दुसरी म्हणजे चार-पाच भोकं आणि दुर्बीण, तुकडा बाहेर घ्यायला एक लहानशी चीर. हिला वेळ जास्त लागतो, पण दुखतं कमी आणि माणूस लवकर उठतं."

"उघडाच," आत्याबाई म्हणाल्या.

सोबत धाकटी जाऊ आली होती, कँटीनमध्ये त्यांच्याच हाताखाली भाज्या चिरणारी. ती कळवळली. "जाऊबाई, पोट आहे ते तुमचं, भोपळा नाही."

"तू गप. भोकातून हात कसा जाणार? बुडाशी काही राहिलं म्हणजे?"

खरी धास्ती ही होती. दुखण्याचं त्यांना काही नव्हतं; जन्मभर चटके खाल्लेली बाई. राहून गेलं तर, या विचाराने मात्र त्यांची झोप उडाली होती.

सर्जनबाई हसली नाही. "काढायचं ते दोन्हीकडे तेवढंच. तोच तुकडा, आणि आजार आधी जिथे पसरतो त्या आजूबाजूच्या गाठीही त्याच. इतक्या लवकर सापडलेल्या आजारात पुढच्या वर्षांचा निकालही जवळपास सारखाच येतो." मग तिने एका जुन्या ऑपरेशनचं चित्रण लावलं. केसाएवढी शीर पडद्यावर सुतळीएवढी दिसत होती. आत्याबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"हत्यारं कोण धुतं?"

"त्यासाठी वेगळी माणसं आहेत. चला, दाखवते."

"आणि आत अडलं तर?"

"तर हट्ट करणार नाही. तिथल्या तिथे उघडणार. तशी सही आधीच घेते तुमची."

अडलं तर अडलं म्हणणारं माणूस आत्याबाईंना स्वयंपाकघरातसुद्धा क्वचितच भेटलं होतं.

"झाकण काढायची तयारी आहे ना? मग कर भोकातून."

झाकण काढावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला धरून चालल्या, आठवड्याने घरी आल्या. पुढे तपासणीचा कागद आला. कापलेल्या कडा स्वच्छ, गाठींत काही नाही. 'स्वच्छ' हा शब्द त्यांनी जावेकडून तीनदा वाचून घेतला.

"आता थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं," सर्जनबाईने बजावलं.

"तेवीस वर्षं दुसरं काय केलं? चव बघता बघताच जेवले मी."

दोन महिन्यांनी आत्याबाई कँटीनमध्ये परतल्या. जड उचलायचं नव्हतं, हुकूम सोडायला मनाई नव्हती. पहिल्याच फेरीत त्यांना पिंपामागे लपवलेली अरुंद तोंडाची नवी बरणी दिसली. जाऊ जीभ चावून उभी राहिली.

आत्याबाईंनी बॅटरी मागवली, एक डोळा मिटला आणि बरणीचं बूड निरखून निरखून पाहिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बॅटरी मात्र इथंच खिळ्याला टांगून ठेव."