गुलाबी आणि हिरव्याच्या मधली रेघ

“रेघ दाराच्या डाव्या अंगाला हुती,” असं मला सांगून आण्णांनी भिंतीवर खडूनं उभी रेघ ओढली.

“डाव्या? उजव्या अंगाला हुती की!” त्यांचे धाकटे भाऊ तात्याही मलाच म्हणाले. त्यांनीही खडू घेतला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला आपली रेघ मारली.

मधे राहिलं दार आणि दाराच्या कडेची, वरची भिंत. त्यावर दोघांचा हक्क, म्हणजे हात कुणीच लावायचा नाही. परांचीवर बसलेले माझे हेड पेंटर सलीमभाई वरून ओरडले, “म्याडम, ब्रश भिजवू का पेपर वाचत बसू?”

मी सिव्हिल इंजिनिअर. रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेते. वडील मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. “इंजिनिअर होऊन रंग लावतीस व्हय?” असं मंगळवार पेठेतली आमची गल्ली अजून विचारते. व्हय, लावते. आणि मी लावलेला रंग टिकतो.

गडमुडशिंगी गावातलं हे घर विटांचं. बाहेरून गिलावा नाही, विटेवर थेट ऑइल पेंट. वाटणी झाल्यावर आण्णांनी उजवी बाजू गुलाबी केली, तात्यांनी डावी हिरवी. दार सामाईक, म्हणून त्याचीही एक फळी गुलाबी, एक हिरवी. भाऊ एकमेकांशी बोलायचे, पण घरातल्या तिसऱ्या माणसामार्फत.

आता आण्णांच्या लेकीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं होतं. लग्न दारातच. मांडववाल्यानं खड्डे खणले की परांची लावायला जागा राहणार नव्हती. तोवर भिंत झाली नाही, तर पोपडे आलेल्या भिंतीसमोर नवरी उभी राहणार. आण्णांनी मला बोलावलं ते फक्त गुलाबी बाजूसाठी.

“अर्धी भिंत मी करत नाही,” मी पहिल्याच भेटीत सांगितलं.

“का? पैसं अर्धंच देणार म्हणून?”

“नाही आण्णा. वीट पाणी पिते आणि वाऱ्यावर वाळते. ऑइल पेंटनं तिचं तोंड बंद केलंय. आत गेलेलं पाणी रंगाला ढकलतंय, म्हणून फुगे आलेत. तुमची बाजू मी नीट केली तरी तिकडच्या विटेतली ओल इकडं येणारच. विटेला वाटणी कळत नाही.”

तात्या त्यांच्या पायरीवर बसून ऐकत होते. “माझी बाजू झकास हाय. कोन हात लावतंय बघतो.”

मी त्यांच्या हिरव्या भिंतीवरचा एक टपोरा फुगा नखानं दाबला. तो फुटला आणि पाण्याची धार त्यांच्या धोतरावर आली. आत काकी, म्हणजे तात्यांच्या मिसेस, खळखळून हसल्या. तात्या उठले. “घ्या, धुवा. पण रंग माझा मी सांगणार.”

“रेघेवर खूण करून ठेवू?” मी विचारलं.

“कशाला? डोळं झाकून सांगतो की,” दोघंही म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

पेंट रिमूव्हर लावला, खरवडलं, प्रेशरनं धुतलं. मग वाळायला ठेवलं. भिंत आतून वाळली का, हे बघायची सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवायचा. सकाळी आतून घाम आला असेल तर थांबायचं. आण्णा उजाडायच्या आत प्लास्टिकला डोळा लावून बसायचे. शेवटी प्लास्टिक कोरडं निघालं आणि त्याच सकाळी ही खडूची भानगड झाली. सगळ्या भिंतीला वीट एकसारखी. रेघ रंगातच होती, ती रंगाबरोबर नाल्यात गेली.

फाटकाशी मांडववाल्याचा टेम्पो येऊन उभा. “पावणं, बांबू उतरवू का?”

ऋतुजा बाहेर आली. हातात चहाचा ट्रे. “म्याडम, बाबांचं आणि तात्यांचं चालू द्या. दाराजवळच्या पट्ट्याला रंगच नको. वीट तशीच ठेवली तर चालंल?”

“चालेल की. पण नुसती नाही ठेवायची.”

मी सलीमभाईंना क्लिअर वॉटर रिपेलंट काढायला लावलं. हे पाण्यासारखं दिसतं, विटेत मुरतं. वरून पाणी आत जात नाही आणि आतली वाफ बाहेर पडते. त्यांनी दोन खडूंच्या मधला पट्टा मारला. वीट गडद लाल झाली, मधल्या सिमेंटच्या रेघा उठून दिसायला लागल्या. वाळल्यावर मी त्यावर तांब्याभर पाणी फेकलं. अळूच्या पानावरून पडावं तसं खाली आलं.

काकींनी पदर खोचला. “म्याडम, आमच्या बाजूला बी असंच मारा.”

“आगं, हिरवा...” तात्या.

“ऱ्हाऊ द्या तुमचा हिरवा. फोटोत मी हुबी ऱ्हानार हाय, तुम्ही न्हाय.”

आण्णांनी तात्यांच्या बाजूकडं बघितलं, मग आपल्या बाजूकडं. “म्हंजे तिची बाजू झ्याक दिसायची आनि माझी लेक गुलाबी भिंतीसमोर? सलीमभाई, इकडं बी मारा. आधी इकडं!”

“आधी म्हंजे?” तात्या परांचीखाली आले. “डावीकडनं सुरुवात झालीया.”

“कुठली डावीकडनं, मधनं झालीया!”

दोघं समोरासमोर, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय भांडत होते. ऋतुजानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. सलीमभाई मधूनच दोन्हीकडं सारखं सारखं मारत गेले. शेवटचा हात फिरला तेव्हा खाली बांबू उतरत होते.

लग्नात वरपक्षातल्या एका पाहुण्यानं आण्णांना विचारलं, “भिंत कुणी केली?”

“आम्ही दोघा भावांनी,” आण्णा म्हणाले. मी शेजारीच जेवत होते. जिलेबी चांगली होती, म्हणून सोडून दिलं.

दाराची मात्र अजून एक फळी गुलाबी, एक हिरवी आहे. त्याचंही काम मला मिळालंय, पण रंग ठरलेला नाही. तेव्हापासून मी एक नियम केलाय. जुना रंग निघून खालची वीट दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाला रंगांचं शेड कार्ड दाखवायचं नाही.