मनकर्णाबाईचे दात

मार्च लागला होता, पण सकाळी अजून गार झुळूक यायची आणि चुलीपुढं बसणं गोड वाटायचं. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीला मनकर्णाबाईच्या भाकरीच्या थापेनंच जाग यायची. नवरा गेल्यावर पाचोडहून आलेल्या या बाईनं भाकरी विकून लेकी उजवल्या. पुढचे दोन दात तेवढे वाटेत गळाले. त्या खिंडीतून ती हसली, की भांडायला आलेला माणूसही भाकरी घेऊन परत जायचा.

यंदा महिला दिनाला महिला मंडळाच्या शैलाताईंनी तिचा सत्कार ठरवला. बाई वरवर 'कशाला बया' म्हणाली आणि तिनं ठेवणीतलं लुगडं लगोलग उन्हात टाकलं.

सत्काराच्या दिवशी सकाळीच चौकात फ्लेक्स लागला. बाई पिठाच्या हातानंच बघायला गेली. वर गोरीपान, भरल्या गालांची, सगळे दात जागेवर असलेली कुणीतरी. खाली नाव मनकर्णाबाई, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'कृत्रिम'.

हा शब्द तिनं आजवर एकाच ठिकाणी वाचलेला, पाचोडच्या जनावरांच्या दवाखान्यात, 'कृत्रिम रेतन' या पाटीवर. म्हैस घेऊन ती स्वतः तिथं गेलेली. रिक्षा करून तिनं थेट औरंगपुऱ्यातलं शफीकचं फ्लेक्सचं दुकान गाठलं.

"कृत्रिम लिहितो व्हय रं मला? म्हैस हाय का मी?"

"तुमाला नाय मावशी, फोटूला. एआयनं बनवला ना. मशीनचं असलं तर तसं लिहा, असा कायदा आलाय. ग्रुपवर फिरला तर मेरेकूच पकडतील."

"कायदा बरा हाय. पर बनवाया कुणी सांगितलं तुला?"

"सगळे गोरंच मागतात. दात तर मी फुकट बसवले."

"लई उपकार. त्या बोर्डाखाली मी बसले तर लोक इचारतील, सत्कारमूर्तीची आई आली का?"

शफीक हसला. बाई हसली नाही.

"उभी गल्ली मला वळखती शफीक. अन् माझ्याच सत्काराला मी परकी?"

शफीकनं मंडळानं दिलेला मूळ फोटो संगणकावर उघडला. रापलेला चेहरा, कपाळाला पीठ, हसण्यात खिंड.

"ह्यो लावला तर खाली पाटी लागंल?"

"खऱ्याला कसली पाटी?"

"मग ह्योच लाव."

"पीठ तरी पुसू का?"

"ऱ्हाऊ दे. माझंच हाय."

संध्याकाळच्या आत नवा लावतो, असं शफीकनं कबूल केलं. बाई घरी आली तेव्हा चूल विझली होती, परातीतला उंडा वाळून तडकला होता. तिनं काटक्या सारल्या, फुंकर घातली आणि पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळायला घेतलं.