नळाच्या पाण्याचं वरण

चहा आधी संपवून घ्या, मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका. माझ्या हातून झालेला एवढा मोठा गाढवपणा मी आजवर चारचौघांत सांगितलेला नाही. आणि लक्षात ठेवा, मी विज्ञानाचा पदवीधर होतो. लक्षात न ठेवून सांगता कुणाला? दिवसातून दहा वेळा मीच सगळ्यांना आठवण करून देत होतो!

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मी कॉलेज संपवून सावद्याला घरी आलो होतो आणि मला देश सुधारायचा होता. शक्यतो त्याच आठवड्यात. आमच्या गल्लीच्या चौकात नुकता नळ आला होता. तोटी फिरवली की पाणी! मला तर तिथे हात जोडावेसे वाटायचे.

आणि गल्लीतल्या बायका? नुसत्या तक्रारी! म्हणे बंबात आतून पांढरा थर धरतो. साबणाला फेस येत नाही, दह्यासारख्या गुठळ्या होतात. न्हाल्यावर केस चिकट. आणि डाळ तर शिजतच नाही! म्हणून या बाया डाळीपुरतं पाणी आणायला हंडे घेऊन मैलभर लांब मळ्यातल्या विहिरीवर जायच्या.

"हा सगळा अडाणी समज आहे," मी ओट्यावर उभा राहून सांगायचो. "पाणी ते पाणी!"

"असीन बावा," अक्का म्हणायची. अक्का म्हणजे माझी थोरली आत्या, आमच्या स्वयंपाकघराची सरकार. "पन त्या डाळीले ते समजत नाही ना."

अशातच माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं जमत आलं. मुलगा चोपड्याचा, शाळेत मास्तर. कुसुमला तो इतका आवडला होता की त्याचं नाव निघालं की ती उगाचच भांडी घासायला बसायची. प्रश्न होता त्याच्या आजोबांचा. नाना फार हेकट. एका घरी ताकात माशी निघाली म्हणून हे पाटावरून उठून थेट गाडीत जाऊन बसले होते! आता ते आमच्याकडे जेवायला येणार, वरण-बट्टी खाणार आणि मग सुपारी फुटणार.

सकाळी अक्कानं दोन हंडे माझ्या सायकलला बांधून दिले. "मळ्यातलंच पानी आन. नळाचं नको, सांगून ठेवते."

मी चौकापर्यंत गेलो. समोर नळ. अहो, तत्त्व म्हणून काही असतं की नाही? दोन्ही हंडे तिथेच भरले, मळ्यातून आलो असं वाटावं म्हणून अर्धा तास कडुनिंबाखाली बसलो आणि घाम पुसत घरी आलो.

आठला डाळ चुलीवर चढली. हळद पडली. नऊ वाजले, दहा वाजले. डाळ आपली पातेल्यात गोट्या खेळतेय!

"वान्यानं जुनी डाळ देली," अक्का कपाळाला हात लावून म्हणाली.

"असेल, असेल," मी म्हणालो. बिचाऱ्या वाण्याचा काय दोष? पण मी मान डोलावली.

अकराला दारात गाडी वाजली. अक्का पाहुण्यांना सामोरी गेली आणि मी चुलीपाशी एकटा. हात धुवायला त्याच हंड्यातलं पाणी घेतलं, साबण लावला, तर हातावर गुठळ्या!

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जड पाणी! यावर तर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती! पण ते काचेच्या नळीतलं पाणी. ते आमच्या चौकातही येत असेल, हे कुठल्या पुस्तकात होतं?

उपायही तोंडपाठ. खार घाला, पाणी मऊ. फळीवर पापडखाराची बरणी होतीच. घातला मूठभर.

फसफसून फेस वर आला. खाली बसला. आणि काय सांगू, डाळ लोण्यासारखी मऊ! मी स्वतःची पाठ थोपटणार, इतक्यात वरणाचा रंग बदलला. पिवळ्याचं नारिंगी, नारिंगीचं लालभडक! हळद खारात लाल होते. तेही पुस्तकात होतं, पण पुढच्या धड्यात.

तेवढ्यात नाना हात धुवायला म्हणून आत आले. मागे अक्का, तिच्या मागे कुसुम. नाना पातेल्याकडे बघत राहिले.

"हाई काय शे?"

कुसुमचा चेहरा पांढराफटक. पण अक्का एक क्षणही थांबली नाही.

"नाना, हळदीचं कुंकू झालं! आपोआप! आज पोरीची सुपारी, अन् चुलीवर कुंकू!"

नानांनी पागोटं नीट केलं आणि पातेल्याला चक्क हात जोडले.

"नाना, यात दैवी काही नाही, हे विज्ञान..." मी सुरू केलं.

"काय?" नाना वळले.

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याची जड-मऊ परीक्षा करायची माझी हिंमत नव्हती.

"हे विज्ञानाला न उकलणारं आहे," मी म्हणालो.

"मंग सुपारी आत्तेच फोडा!" नाना गरजले.

सुपारी फुटली. गडबडीत अक्कानं मला कोपऱ्यात गाठलं. "खार कितीक टाकला रे?"

"मूठभर."

"मूठभर? अरे, घरी कुंकू करतो तरी आम्ही एवढा टाकत नाही!"

पंगत बसली. पाहुण्यांना बट्टी, तूप, वांग्याचं भरीत, दही. आणि वरण? अक्कानं शांतपणे जाहीर केलं, "हे कुंकवाचं वरन. याचा मान फक्त पोरीच्या भावाचा. आमच्यात तशी रीतच आहे."

ही रीत तिनं त्याच क्षणी जन्माला घातली होती. माझ्यापुढे काठोकाठ भरलेली वाटी आली. समोर नाना, हात जोडून, माझ्याकडे एकटक बघत. पहिल्या घोटाला वाटलं, धोब्याची भट्टी प्यायलो. दुसऱ्याला डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण वाटी संपवली.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा हात धरून नाना म्हणाले, "पोऱ्या मोठा भाविक शे. अजून वाढा त्याले!"