मेलेल्यांची पहिली धार

कचारगडाकडे गेलो की वाटेवरच्या एका म्हातारीच्या मोहाच्या भट्टीवर मी थांबतोच. दारू उतरू लागली की पहिली धार ती कुणालाच देत नाही. मेलेल्या गिऱ्हाइकांची नावं घेत जमिनीवर थेंब थेंब सोडते, वर दटावते, "घ्या रे, भांडू नोका." मग आम्हा जित्यांचे ग्लास भरते.

परवा बऱ्याच महिन्यांनी गेलो, तर त्या नावांत माझंही नाव आलं.

बाकीचे कुणी हसले नाहीत. मीच हसत तिच्या पुढ्यात बसलो. "माय, मी जित्ता आहो ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणखी एक थेंब सोडला आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "हाव बाबू. पयले पयले सारेच असंच म्हणतेत."