काजवालीचा मासा

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टांना काजं पाडायच्या मशीनवर तिने सगळी नोकरी काढली. कापड कुठलं, कॉलर कशी, खिसा कुठे, हे ठरवणारे दुसरेच. घरीही तेच. पडदे, सोफा, मुलीचं कॉलेज, इतकंच काय, तिच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा नवऱ्याच्या पसंतीची. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. मारझोड नाही, व्यसन नाही; पण घरातलंही स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची त्याची तयारी नसे.

ती निवृत्त झाली तेव्हा मुलीने तिला माशांची टाकी भेट दिली. टीव्हीशेजारच्या टेबलावर मावेल एवढीच.

"आई, ही फक्त तुझी हं," मुलगी म्हणाली. "आत काय सोडायचं ते तू ठरव."

'तू ठरव' हे शब्द तिने फारच मनावर घेतले. आधी वाळू, मग हिरवी रोपं, मग निऑनचा थवा: निळ्या-लाल रेघेचे, सुईत ओवता येतील असे चिमुकले मासे. आता हवा होता एकच जरा मोठा मासा, मधोमध फिरणारा, खोलीत शिरल्या शिरल्या नजर जाईल असा. पण कुणाच्या अंगावर न जाणारा.

रोज संध्याकाळी ती शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन उभी राही. दुकानदार आधी वैतागला, मग तिच्यासाठी स्टूल ठेवू लागला.

"एंजल घ्या की मावशी. काय रुबाब आहे बघा!"

"मोठा झाला की माझे बारके खाईल ना?"

"खाईल खरा. मग फायटर?"

"नावातच भांडण आहे त्याच्या. नको."

शेवटी एका कोपऱ्यातल्या टाकीत तिला तो दिसला. मधाच्या रंगाचा गोरामी. पोटाखाली दोऱ्यांसारखे दोन लांब पर लोंबत होते, आणि पुढे जाण्याआधी तो त्या दोऱ्यांनी प्रत्येक पानाला, शेजारच्या माशालाही हलकेच हात लावून बघत होता. कुणी आडवं आलं की बाजूला होत होता. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"हा माझ्यासाठी ठेवा. रविवारी नेते," ती म्हणाली. टाकीचं पाणी अजून चार दिवस मुरू द्यावं, असा तिचा हिशेब होता.

घरी नवऱ्याचे मित्र चहाला आले होते. "लोक एकमेकांना पाण्यात पाहतात," तो म्हणाला, "आमची ही खरोखरच पाण्यात पाहत बसते!" सगळे खो खो हसले. तीही हसली. त्या दिवशी तिला तो विनोदही गोड लागला.

रविवारी ती पिशवी घेऊन निघणार, तोच नवरा दारातून आत आला. हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी.

"किती दिवस एका माशासाठी घोळ घालतेस! म्हटलं, आपणच सोक्षमोक्ष लावावा. हा बघ ऑस्कर. मासा असावा तर असा!"

पिशवीत तळहाताएवढा काळा-केशरी मासा होता, जाड ओठांचा.

"अहो, मी एक ठरवून ठेवलाय. हा बाकीच्यांना खाईल."

"काही नाही खात. तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." आणि त्याने पिशवी टाकीत उलटी केलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निऑन निम्मे झाले होते. आठवडाभरात एकही उरला नाही.

"निसर्ग आहे तो," नवरा म्हणाला. "त्याला काय करणार?"

दुकानात मधाच्या रंगाचा गोरामीही राहिला नव्हता. "तुम्ही आला नाहीत मावशी, दुसऱ्याने नेला," दुकानदार म्हणाला.

ऑस्करने रोपं उपटली, वाळू उकरली. नवऱ्याच्या हातून तो खाद्याच्या गोळ्या खाई आणि मित्र टाळ्या वाजवत. पण पाणी बदलायचं, घाण उपसायची, ते मात्र तिच्याकडे. 'टाकी तुझी ना?' असं तो म्हणे. मासा वाढत गेला. पुढेपुढे त्याला वळायचं झालं तरी शेपूट काचेला घासे. तिला त्याचा राग येईना. त्यालाही कुणी विचारून आणलं नव्हतं.

एका दुपारी नवरा मित्राकडे गेलेला असताना तिने ऑस्करला झाकणाच्या बादलीत घातलं आणि थांबत थांबत दुकानापर्यंत नेलं. दुकानदाराने त्याला मोठ्या टाकीत सोडलं. तिथे त्याने पहिल्यांदा एक लांब फेरी मारली.

नवरा भांडला नाही. त्याने मुलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तिच्या हातात दिला.

"आई, असं का केलंस?" मुलगी म्हणाली. "या वयात बाबांना तेवढाच विरंगुळा होता गं."

"टाकी तू मला दिली होतीस."

"हो, पण म्हणून काय एवढा हट्ट? एक मासाच होता ना!"

तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि भाजी चिरायला बसली. काजांच्या मशीनवर बोटात सुई गेली होती, तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं. नवरा असंच वागणार, हे ती आयुष्यभर धरून चालली होती. मुलीकडून ते धरलं नव्हतं.

त्यानंतर नातेवाईकांत बोललं जाऊ लागलं, की निवृत्तीनंतर ही फार हेकट झालीय. तिने कुणाला खुलासा दिला नाही. टाकी धुतली, नवी रोपं लावली, पाणी मुरू दिलं, आणि दुकानात गेली. या वेळी गोरामीची एक मादी होती, फिक्या रंगाची, चटकन नजरेत न भरणारी. तिने तीच घेतली.

संध्याकाळी नवरा टाकीपुढे येऊन वाकला. मासा रोपामागे लपला होता. बराच वेळ शोधल्यावर त्याला तो दिसला.

"एवढ्याशासाठी?" तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आणि काचेवर टकटक करू नका."