भाऊंच्या गंजातला भात

निवडणूक लागली की गंजवाले भाऊ आधी गंज घासायला काढत. पन्नासेक माणसांचा भात मावेल असं ते भांडं तलावाच्या काठी राखेनं घासलं जाताना दिसलं, की कुरखेड्याकडच्या त्या गावाला कळायचं, आता उमेदवार येणार. घरटी मूठभर तांदूळ जमायचे. ढिवरांच्या घरचे, बौद्ध मोहल्ल्यातले, सगळे एकाच गंजात. भाऊ स्वतः ढिवर, तेव्हा मासळी त्यांच्याकडून. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, सगळ्यांसोबत जमिनीवर बसून जेवल्याशिवाय त्याला भाषण करू देत नसत.

"आमचं खाल्लं तं आमाले वळखीन," एवढंच त्यांचं राजकारण. मागे तलावाची पाळ फुटली, तेव्हा असाच एक जेवून गेलेला आमदार चिखल तुडवत आला होता आणि पाळ बांधून दिली होती. गावाची मासळी आणि धान, दोन्ही त्या पाळीवर.

मी तिथल्या शाळेत शिकवायचे, आणि तोंडाळ होते. तेंदूपत्त्याचे ठेकेदार उमेदवारांना पैसा पुरवू लागलेले पाहून माझं डोकं फिरायचं. "भाऊ, पक्षांचा खर्च सरकारनंच द्यायला हवा," मी एकदा ठासून सांगितलं.

भाऊ गंज घासत राहिले. "ठेकेदाराचा पैसा खराब, मले समजते बाई. पण सरकारनं देल्ला तरी त्याले आमचे तांदूळ कायले लागतीन? तो आमच्या दारी काऊन येईन?"

मी म्हटलं, मूठभर तांदळानं कुठे निवडणूक होते?

"नाई होत. पण त्याले आमच्यापाशी मांगा तं लागते ना."

पुढच्या निवडणुकीत भात शिजला, रस्सा झाला. उमेदवार ठेकेदाराच्या जीपमधून आला, पण खाली उतरलाच नाही. "जेवणाची सोय पुढं केली आहे," म्हणाला आणि हात जोडून गेला. भाऊंनी गावाला वाढलं. स्वतः जेवले नाहीत.

तोच निवडून आला. त्या पावसाळ्यात पाळ पुन्हा फुटली आणि भाऊ त्याच्याकडे गेले. दिवसभर बसवून ठेवून त्यानं विचारलं, "कुठलं गाव?"

"गावाचं नाव सांगून राह्यलो होतो बाई, अन् मलेच लाज वाटून राह्यली होती," भाऊ मला म्हणाले. पाळ बांधली गेलीच नाही. भाऊंनी हाय खाल्ली, आणि हिवाळ्यात गेले. माझे वडील गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

पक्षांना सरकारी पैसा द्या, असं आजही कुणी पेपरात लिहितं. ठेकेदार आठवतात, पटतंही. मग भाऊ आठवतात, "तो आमच्या दारी काऊन येईन?" विचारणारे.

भाऊ गेल्यानंतरच्या निवडणुकीची सभा पाळीविना कोरड्या पडलेल्या आमच्या तलावातच भरली. गावात तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती. जेवण पक्षवाल्यांनी सोबत आणलं होतं.